दारावरचे चार आकडे

त्या शुक्रवारी सकाळी व्होथ कुटुंबाच्या कोठारात बिडाच्या दोन काहिली होत्या. सुऱ्या नऊ, त्यातल्या सात धार लावलेल्या. केस खरवडायच्या खरवडण्या चार. मांस दळायचं हाताचं यंत्र एक. त्याच्या दांड्याचा मूळ स्क्रू कधीच हरवला होता आणि त्या जागी ट्रॅक्टरचा बोल्ट बसवलेला होता. पाच पत्र्याचे टोप. तुळईला टांगलेला दांडीचा तराजू एक, पाचशे पौंडांपर्यंत मोजणारा. रायफल एक, लहान नळीची. डुक्कर एक, जिवंत, आदल्या दिवसापासून उपाशी. माणसं सहा. आणि दाराच्या आतल्या अंगाला खडूने लिहिलेले आकडे चार.

माणसं सहा आणि आकडे चारच, कारण हार्लन तराजू वाचायचा, आणि जो तराजू वाचतो त्याने अंदाज करायचा नाही असा नियम होता. त्याची बायको मार्लीस हिने लग्न होऊन आल्या वर्षीच सांगून टाकलं होतं, "जेवढं भरेल तेवढं भरेल. मी त्यात पडत नाही." ती अजूनही पडत नव्हती.

आकडे असे होते. आर्नो आजोबा, दोनशे बारा. व्हर्ना आत्या, अडीचशे. जॅनेल, दोनशे वीस. मायका, दोनशे एकतीस.

डोकं उतरवून, आतडी काढून, पण पोटातली पांढरी चरबी तशीच ठेवून डुक्कर किती पौंड भरेल याचे हे अंदाज. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, दर वर्षी. ज्याचा अंदाज सगळ्यांत जवळचा त्याला 'शब्द' मिळायचा. म्हणजे त्याने सांगितलेली एक गोष्ट पुढच्या वर्षीच्या डुक्करकापणीपर्यंत घरात कुणी मोडायची नाही. या नियमापायी हार्लनने एकदा मिशी काढली होती आणि वर्षभर ठेवली नव्हती. मागच्या वर्षी मायका जिंकला, आणि तेव्हापासून त्याला चर्चमध्ये गायला उभा राहा असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

"यंदा ही चीटिंग आहे," हार्लनची मुलगी जॅनेल दाराकडे बोट करून म्हणाली. "डुक्कर याने पाळलं. मंगळवारी याने ते वजनकाट्यावर उभं केलं. मला सगळं माहितेय."

"तीनशे अठरा," तिचा धाकटा भाऊ मायका म्हणाला. "त्याच्या सुमारे त्र्याहत्तर टक्के. कुणीही काढू शकतं."

"बघा आजोबा! तोंडानेच कबूल करतोय."

आर्नो आजोबांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. त्यांनी आपला अंदाज डुकराच्या पाठीवरून हात फिरवून केला होता. ते म्हणाले, "ज्याने खायला घातलं त्याला माहीत असणारच. त्यात पाप कसलं? तूही घालायचंस."

"मी इराकमध्ये डिझेलचा टँकर चालवत होते, आजोबा."

"ते दीड वर्षापूर्वी. त्यानंतर वेळ होता."

जॅनेल हसली. हे आजोबा तिच्याशी असं बोलू लागले याला फार दिवस झाले नव्हते. अठराव्या वर्षी कॉलेजच्या फीसाठी तिने नॅशनल गार्ड या राखीव सैन्यात सही केली, तेव्हा ते तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते. मग युद्ध सुरू झालं, ती तिकडे गेली, आणि दर रविवारी मार्लीसला शेजारी बसवून ते जॅनेलला पाठवायचं पत्र लिहून घेऊ लागले.

*

गोळी कुणी झाडायची यावरून सकाळी पहिली ठिणगी पडली.

रीत अशी होती की घरात त्या वर्षी ज्याला अठरा पूर्ण झाली असतील त्याने झाडायची. मायकाला सप्टेंबरात झाली होती. पण हार्लनने रायफल खुंटीवरून काढली आणि आपल्याच हातात ठेवली.

"यंदा मी झाडतो."

"का?" आर्नोंनी विचारलं.

"उगाच कशाला. उद्या सक्तीची भरती परत आली आणि मंडळासमोर उभं राहायची वेळ आली, तर विचारतील. कधी बंदूक हातात घेतली होतीस का? त्याला सरळ 'नाही' म्हणता यावं."

"मंडळ म्हणजे मीच ना?" व्हर्ना चुलीपुढून म्हणाली. ती हार्लनची थोरली बहीण. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर तिने जिल्ह्याच्या भरती मंडळावर बिनपगारी जागा घेतली होती. पाच माणसांचं मंडळ. तीस-बत्तीस वर्षांत त्याच्यापुढे एकही मुलगा आलेला नव्हता, पण दर वर्षी त्याचं प्रशिक्षण मात्र व्हायचं. युद्ध न मानणाऱ्या आपल्या पंथातलं कुणीतरी तिथे असलं तर शस्त्र नाकारणाऱ्या पोरांचं नीट ऐकून घेतलं जाईल, असं तिचं म्हणणं. चर्चमधल्या निम्म्या लोकांचं म्हणणं वेगळं होतं. "डुकराचं आम्ही विचारत नाही, हार्लन."

"मला विचारलं होतं," आर्नो म्हणाले. "बेचाळीस साली. मी म्हटलं, घेतली होती, डुकरावर. तर एक जण म्हणाला, आणि समोर जर्मन असता तर? मी म्हटलं, जर्मन मी कधी खाल्ला नाही."

"हसले का ते?" मायकाने विचारलं. त्याने ही गोष्ट निदान वीस वेळा ऐकली होती, पण हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"एक जण हसला. त्याचा मुलगा पुढे नॉर्मंडीच्या लढाईत गेला." आजोबांनी हात पुढे केला. "हार्लन, पोराला रायफल दे. खरं तेच सांगता यावं, एवढं पुरे आहे."

हार्लनने दिली. मायकाने डुकराच्या प्रत्येक डोळ्यापासून पलीकडच्या कानापर्यंत अशा दोन रेघा मनात ओढल्या, त्या जिथे छेदतात तिथे नळी धरली आणि झाडली. डुक्कर जागच्या जागी बसलं. आवाज एकच.

हार्लन डुकराकडे बघत नव्हता. तो मुलाच्या हाताकडे बघत होता. स्वतःच्या अठराव्या वर्षी त्याचा नेम हलला होता आणि दुसरी गोळी झाडावी लागली होती. मायकाने रायफल रिकामी केली आणि परत खुंटीला लावली.

*

दुपारपर्यंत डुक्कर उकळत्या पाण्यातून काढून, खरवडून, पोट साफ करून तुळईला टांगलं गेलं. वजन जेवणानंतर करायचं, तोवर ते निवू द्यायचं, हीसुद्धा रीतच.

जेवायला एकावर एक गोळा बसवून भाजलेले दोन मजली पाव होते, थंड केलेलं मनुका-आलुबुखारचं सार होतं, कालच्या टर्कीचं उरलंसुरलं होतं. प्रार्थना झाली. 

"व्हर्ना," आर्नोंनी विचारलं, "येणार का गं ती परत?"

ती म्हणजे सक्तीची भरती, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही.

"सप्टेंबरात आम्हाला सांगितलं, तसा काही बेत नाही," व्हर्ना म्हणाली. "एका वाक्यात सांगितलं. मग दिवसभर बसवून शिकवलं, आली तर काय करायचं."

"नाही येणार," हार्लन म्हणाला. "मागच्या वर्षी संसदेत विधेयक आलं होतं ना? चारशे दोन विरुद्ध दोन. दोन मतं पडली फक्त बाजूने."

"चाळीस सालाच्या आधीही कुणाला नको होती," आर्नो म्हणाले. " माणसं कमी पडली की सगळ्यांना हवीशी होते."

"पण माणसं कमीच पडतायत," मार्लीस म्हणाली. "पेपरात होतं. यंदा लष्कराचं भरतीचं लक्ष्य पुरं झालं नाही."

"तुम्ही कशाची वाट बघताय तेच मला कळत नाही," जॅनेल म्हणाली. तिने पावाचा वरचा मजला काढला आणि खाल्ला नाही. "माझा करार ऑक्टोबरात संपला. सहा वर्षं पूर्ण. तरी मी जानेवारीत परत चाललेय. कारण माझी तुकडी निघतेय, आणि निघणाऱ्या तुकडीतून कुणाला सोडायचं नाही असा हुकूम आहे. नवे मिळत नाहीत म्हणून जुने धरून ठेवलेत. याला तुम्ही काय म्हणता? माझ्यासाठी आलीय ती. मागच्या दाराने आत येऊन बसलीय."

 हार्लनने सार वाढून घेतलं, आणि जे बोलायचं ठरवून तो आला होता तेच बोलला.

"म्हणूनच म्हणतो, मायकाचं काम आजच करून टाकू. चर्चच्या कार्यालयात त्याचं निवेदन जमा करायचं. की हा मुलगा श्रद्धेने शस्त्र नाकारतो. साक्षीदार इथेच बसलेत, पापा. सक्ती येवो न येवो, कागद तयार असला की झालं. जेवण झालं की पापा सही करतील, मी त्यांचा हात जागेवर ठेवतो."

"मला नकोय," मायका म्हणाला.

"काय नकोय?"

"निवेदन. डॅड, मी सोमवारी गार्डच्या भरती अधिकाऱ्याला भेटायला चाललोय. सही करायला."

मार्लीसचा चमचा खाली पडला नाही. तिने तो हळूच ताटलीत ठेवला आणि विचारलं, "कधीपासून ठरवलंयस?"

"ऑक्टोबरपासून. जॅनेलला कळवलं त्यांनी, तेव्हापासून."

"माझ्यावर ढकलू नकोस हं!" जॅनेल उभीच राहिली. "मूर्ख आहेस का तू? तुला वाटतं, तू गेलास की मला सोडतील? तिथे एक आत, एक बाहेर, असं नसतं. तुलाही घेतील आणि मलाही ठेवतील."

"माहितेय."

"मग?"

"तुमच्या तुकडीत किती माणसं कमी आहेत?"

"त्याचा काय संबंध?"

"किती?"

"एकवीस."

"मग वीस होतील," मायका म्हणाला.

तो हे उर्मटपणे म्हणाला नाही. शाळेत प्रयोगाचं उत्तर सांगावं तसं म्हणाला, आणि म्हणूनच जॅनेलला त्याच्या कानाखाली मारावंसं वाटलं. ती लहानपणी त्याला पाठीवर घेऊन ओढ्यापर्यंत जायची. उतरवलं की तो विचारायचा, आता तुझी पाळी का नाही?

"भरती अधिकाऱ्याने काय काय सांगितलंय तुला?" तिने विचारलं. "वैद्यकीय शिक्षण देऊ? बंदूक धरावी लागणार नाही?"

"सैनिकी दवाखान्यात काम मिळेल म्हणाला."

"मला ऑफिसात काम मिळेल म्हणाला होता. मी डिझेल वाहिलं. रस्त्याकडेला मेलेलं कुत्रं दिसलं तरी श्वास धरायचे, आत बॉम्ब दडवला असेल म्हणून. कुत्र्यावर श्वास धरलायस कधी तू?"

"नाही."

"नको धरूस."

व्हर्नाने हात वर केला. वर्गात करायची तसा. ती सवय गेली नव्हती, आणि घरच्यांची गप्प बसायची सवयही गेली नव्हती.

"मायका, आत्या म्हणून नाही विचारत. मंडळावरची बाई म्हणून विचारते. समज, सक्ती आली. चिठ्ठीत तुझी जन्मतारीख निघाली. तू माझ्यासमोर उभा आहेस. काय म्हणशील?"

"नाही म्हणेन."

"लढणार नाही?"

"नाही लढणार. माणसाला मारणं चूक आहे. मला आजही तसंच वाटतं."

"अरे मग?" हार्लन ओरडला. "मग सोमवारी कुठे चाललायस!"

मायकाने ताटली पुढे सारली. मग वडिलांकडे बघत, पण व्हर्नाच्या प्रश्नाचंच उत्तर देत तो बोलला. "सक्ती असती तर माझ्या नकाराची किंमत मी भरली असती. आजोबांनी सैन्याऐवजी वेड्यांच्या इस्पितळात चार वर्षं राबून काढली. डॅडने डेन्व्हरच्या इस्पितळात दोन वर्षं बेडपॅन धुतली. नाही म्हणालात, आणि त्याचं बिल तुमच्या नावावर आलं. तुम्ही ते भरलंत. आता सक्ती नाही. आता मी नाही म्हणालो तर मला कुणी विचारतसुद्धा नाही. मी कॉलेजात जातो, रविवारी चर्चला जातो, आणि बिल जॅनेलच्या नावावर जातं. तिचं भरून झालंय. तरी परत पाठवतात. मला असला नकार नकोय."

व्हर्नाला मंडळाची पुस्तिका पाठ होती. मुलगा खोटं बोलतोय का, घोकून आलाय का, भित्रा आहे का, हे कसं ओळखायचं ते त्या पुस्तिकेत होतं. या उत्तराचं काय करायचं ते तिच्यात नव्हतं.

"पापा," हार्लन म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तुम्ही सांगा त्याला."

आर्नोंनी तोंड पुसलं. "मी त्याला सांगेन, जाऊ नकोस. आज सांगेन, उद्या सांगेन, तो जाईपर्यंत रोज सांगेन. दवाखान्यात गेला तरी तो त्यांच्याच गाड्याला जुंपला जाणार. हे मी बेचाळीस साली म्हटलं, आजही म्हणतो." त्यांनी चेहरा हार्लनच्या आवाजाकडे वळवला. "पण त्या कागदावर मी सही करणार नाही."

"का?"

"त्यात काय लिहिलंय? की हा मुलगा लष्करात जायला नकार देतो. तो तर देत नाहीये. मग मी कशाची साक्ष देऊ?"

"तो पोरगा आहे! अठरा वर्षांचा!"

"आम्हीही पोरंच होतो."

हार्लन खुर्चीवरून उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. त्याने आयुष्यात प्रथमच आपल्या बहिणीकडे मदतीसाठी बघितलं. गेली दोन वर्षं तो तिला म्हणत होता, त्या मंडळाचा राजीनामा दे.

पण मदत आली ती जॅनेलकडून.

"दारावर आकडे आहेत," ती म्हणाली. "माझा दोनशे वीस. माझा जवळ आला तर माझा शब्द असा, की पुढच्या कापणीपर्यंत मायकाने कुठेही सही करायची नाही. एक वर्ष थांबायचं."

"माझा आला तरी तोच," व्हर्ना लगेच म्हणाली.

"माझाही," आर्नो म्हणाले. मग ते थांबले. "छे. असल्या गोष्टी डुकराच्या वजनावर ठरवतात का? थट्टा आहे ती घरातली."

"तुमची भरतीची चिठ्ठी वॉशिंग्टनमधल्या काचेच्या भांड्यातून निघाली, आजोबा," मायका म्हणाला. "डॅडची निळ्या प्लास्टिकच्या गोळ्यांतून. डुक्कर निदान मी पाळलेलं आहे."

मार्लीस हसली आणि लगेच तिने तोंडावर हात धरला.

"आणि माझा आला तर?" मायकाने विचारलं. त्याने एकेकाकडे पाहिलं. "माझा आला तर सोमवारी मला डॅड घेऊन जाईल. स्वतः, आपल्या गाडीतून. आणि घरात कुणी त्यावरून बोलायचं नाही. आजोबा, तुम्हीसुद्धा नाही."

"हे तुला कळतंय ना," व्हर्ना म्हणाली, "की हरलास तर तुला वर्षभर थांबावं लागेल? खरोखर?"

"कळतंय. शब्द देतो."

वर्षभरात युद्ध संपू शकतं, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाच्या मनात एकाच वेळी आलं असावं. जॅनेल म्हणाली, मान्य. व्हर्ना म्हणाली, मान्य. मार्लीसने मान हलवली. आर्नो बराच वेळ बोटं टेबलावर घासत राहिले आणि म्हणाले, "बरं. शब्द म्हणजे शब्द."

हार्लनला कुणी विचारलं नाही. तो तराजू वाचणारा होता.

*

काटा लावून ठेवतो असं सांगून तो सगळ्यांच्या आधी कोठारात आला.

डुक्कर निवलं होतं. त्याने कप्पीची दोरी ओढली, धड तराजूच्या हुकावर घेतलं आणि दांडीवरचं वजन सरकवलं. खाचेमागून खाच. दोनशेच्या खाचेत मोठं वजन, मग धाकटं पुढे, पुढे, अजून पुढे. दांडी वर उचलली, डोलली, सपाट झाली.

दोनशे तीस.

त्याने पुन्हा केलं. दोनशे तीस. मायका एका पौंडाने चुकला होता.

पोटाच्या पोकळीत दोन्ही बाजूंना चरबीचे पडदे होते, पांढरे, थंड, घट्ट. वजन झाल्यावर ते हाताने सोलून काढायचे आणि टोपात टाकायचे. सुरीसुद्धा लागत नाही. हार्लनने बोटं आत घातली, कड सोडवली आणि ओढलं. कापड फाटताना होतो तसा आवाज झाला. मग दुसऱ्या बाजूचं. दोन्ही त्याने टोपात ठेवलं आणि दांडीवरचं वजन मागे घेतलं.

दोनशे बावीस.

जॅनेलचे दोनशे वीस.

त्याने धड तराजूवरून उतरवून पुन्हा कप्पीला टांगलं, तेव्हा दारात व्हर्ना उभी होती. तिच्या हातात रिकामा टोप होता. तिने हार्लनकडे पाहिलं, टांगलेल्या धडाच्या आत पाहिलं, खालच्या टोपात पाहिलं. मग आत येऊन तिने दार ओढून घेतलं.

"काढलीस."

"हो."

"आधी किती होतं?"

"तीस."

व्हर्ना काहिलीच्या कडेवर टेकली. तो थांबला, ती आता काय म्हणेल ते त्याला माहीत होतं. या घरात कोर्टातसुद्धा शपथ घेत नाहीत. हो म्हणजे हो, शपथेची गरजच पडू नये, असं लहानपणी दोघांनाही एकाच बाकावर बसवून शिकवलं होतं.

"ठेव तशीच," व्हर्ना म्हणाली.

"काय?"

"चरबी टोपातच असते. मी आले तेव्हा ती टोपात होती. मी दुसरं काही पाहिलेलं नाही."

"तू मंडळावर बसतेस, व्हर्ना. तू पोरांना विचारणार, खरं बोलताय का."

"माहितेय मी काय विचारणार ते!" तिचा आवाज चिरकला. "मी त्याला अंघोळ घातलीय, हार्लन. मार्लीसची रात्रपाळी असायची तेव्हा. जाणार काय, तर एक वर्ष. एक वर्ष तो कॉलेजात जाईल, पोरींच्या मागे लागेल, हे सगळं डोक्यातून जाईल. आठ पौंड चरबी. त्यासाठी मी एकदा खोटी ठरले तर ठरले."

"आणि तो?"

"त्याला कळणार नाही."

"त्याला कळणार नाही?" हार्लनने धडाकडे बोट केलं. "त्याने तीनशे अठराच्या त्र्याहत्तर टक्के काढलेत. तो आत बघेल. एका नजरेत कळेल त्याला. आणि तो काही बोलणार नाही. शब्द दिलाय म्हणून वर्षभर थांबेल. रोज माझ्यासमोर जेवायला बसेल."

"बसू दे की. बसेल तरी!"

हार्लनने हात पँटला पुसले. चरबीचा ओशटपणा गेला नाही.

"डेन्व्हरला," तो म्हणाला, "एक पोरगा होता. पाय नसलेला. व्हिएतनामहून आलेला. मी त्याला उचलून टबात ठेवायचो. त्याने एकदा विचारलं, तू का नाही गेलास? मी त्याला सांगितलं, नीट, मंडळाला सांगितलं होतं तसंच. तो म्हणाला, ठीक आहे, तू निदान इथे आहेस. एवढंच." त्याने तराजूच्या दांडीकडे बघितलं. "मायका जेवताना बोलत होता, तेव्हा मला त्याला खोडून काढता येईना. तू बघितलंस ना? मला एक वाक्य सुचलं नाही."

"म्हणून तर म्हणते, आकड्याने होतंय तर होऊ दे."

अंगणातल्या खडीवर पावलं वाजली. जॅनेल काहीतरी म्हणत होती आणि मार्लीस आजोबांना पायरी सांगत होती. व्हर्ना टोपासमोर जाऊन उभी राहिली, स्कर्ट पसरून, पाचवीतल्या मुलीसारखी.

"हार्लन," ती हळूच म्हणाली. "मी इथून हलणार नाही."

*

आर्नोंना पहिल्यांदा गारवा लागला, मग रक्ताचा आणि लाकडाच्या धुराचा वास. मार्लीसने त्यांना उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसवलं. समोर उजेडाचा एक चौकोन होता, ते दार. तो मिटला, म्हणजे सगळे आत आले.

"आकडे वाच गं," ते मार्लीसला म्हणाले. दर वर्षी तीच वाचायची, कारण तिचा त्यात स्वार्थ नसायचा.

"आर्नो, दोनशे बारा. व्हर्ना, दोनशे पन्नास. जॅनेल, दोनशे वीस." ती थांबली. "मायका, दोनशे एकतीस."

"हार्लन, चालू कर."

काहीच झालं नाही. आर्नो ऐकत राहिले. या कोठारातला प्रत्येक आवाज त्यांना ओळखीचा होता. कप्पी त्यांनीच बसवली होती. कप्पी वाजली नाही. कुणीतरी जड पावलांनी चार पावलं चाललं. थांबलं.

"बाजूला हो, व्हर्ना," हार्लन म्हणाला.

"हार्लन."

"हो बाजूला."

स्कर्टची सळसळ झाली. टोपाचा पत्रा जमिनीवर घासला. मग एक ओला, जड आवाज. आणि पुन्हा एकदा तसाच.

"डॅड, हे काय करतोयस?" जॅनेलने विचारलं. मग, लगेच, अगदी वेगळ्या आवाजात, "डॅड. नको."

 मायका आजोबांच्या इतक्या जवळ उभा होता की त्याचा श्वास ऐकू येत होता. आर्नोंनी हात लांब केला तेव्हा त्याची बाही हाताला लागली, आणि त्यांनी ती धरून ठेवली.

आता कप्पी वाजली. हुक अडकला. दांडीवरचं मोठं वजन खाचेत पडलं, तो आवाज आर्नोंना डोळे असल्यासारखा दिसला. दोनशे. मग धाकटं वजन सरकू लागलं. टक, टक, टक. दहाच्या खाचेवरून ते गेलं. विसाच्या खाचेवर ते थांबलं, आणि व्हर्नाने श्वास आत ओढलेला त्यांना ऐकू आला.

टक.

पुढे गेलं. दांडी उचलली गेली, डोलली, आणि स्थिर झाली. तिच्यासमोर एकच माणूस उभा होता, सगळ्यांकडे पाठ करून, आणि आकडा फक्त त्यालाच दिसत होता.

"दोनशे तीस," हार्लन म्हणाला.